तीनच दिवसांचा प्रश्न

रमझीने आयुष्यात चार कंपन्या काढल्या. चौथी बंद पडली तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. अम्मानमध्ये त्याला ओळखणारे लोक पुष्कळ. काही त्याच्याकडे नोकरी करून गेलेले, काही नोकरी मागायला आलेले. सगळे त्याच्याबद्दल एकच सांगायचे: हा माणूस बोलायला लागला की आपण इतके दिवस उगाच घाबरत होतो असं वाटायला लागतं.

तो सोळा वर्षांचा असताना कुवेतवर सैन्य चालून आलं आणि तिथल्या हजारो घरांसारखं त्याचंही घर एका मोटारीत बसून निघालं. वडील गाडी चालवायला, आई आणि बहिणी मागे गाद्यांच्या वळकट्यांत दाटीवाटीने, आणि रमझीच्या मांडीवर संगणक. बगदाद ओलांडून वाळवंटातून अम्मानला पोचेपर्यंत त्याने तो खाली ठेवला नाही. जबल नुझ्हामधल्या दोन खोल्यांत आल्यावर आई म्हणाली, भांडी आणली असती तर कामाला आली असती. रमझीने ते मनाला लावून घेतलं. या यंत्रातूनच घर उभं करून दाखवीन, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं.

पहिली कंपनी त्याने इमादबरोबर काढली. इमाद इर्बिदच्या विद्यापीठातला वर्गमित्र. रमझी बोलायचा, इमाद प्रोग्राम लिहायचा. जबल हुसेनमध्ये फलाफलवाल्याच्या डोक्यावर एक खोली होती. तेलाचा वास त्यांच्या शर्टांतून धुऊनही जात नसे. औषधांच्या दुकानांसाठी अरबी भाषेतला प्रोग्राम त्यांनी तयार केला. कुठलं औषध संपत आलंय, कुठल्याची मुदत जवळ आलीय, ते तो आपणहून सांगायचा. वर्षभरात तो निम्म्या शहरात पोचला, पण चोरून. एका दुकानात पांढऱ्या कोटातल्या मुलीने रमझीला सरळ सांगितलं, "तुमचा प्रोग्राम माझ्याकडे आहे. चोरीचा आहे. पण चालतो छान." ती लुबना. कंपनी बुडाली आणि त्याच उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं.

दुसरी कंपनी चालली. तौजीहीचा निकाल म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल. त्या दिवशी शहरात कुणाला जेवण जात नाही, आणि निकाल लागला की गच्च्यांवरून गोळीबार होतो. तो निकाल मोबाइलवर संदेशाने पाठवायची कल्पना रमझीची आणि लाखभर संदेश एका तासात न अडखळता जातील अशी व्यवस्था इमादची. तिसऱ्या वर्षी दुबईतल्या एका मोठ्या कंपनीने ती विकत घ्यायची तयारी दाखवली. हे रमझीला मार्चमध्ये कळलं. एप्रिलमध्ये इमादच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन निघालं, त्याला पैसे हवे होते, आणि रमझीने त्याचा हिस्सा विकत घेतला. विक्रीबद्दल अवाक्षर काढलं नाही. ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात रमझीचा फोटो आला, तो इमादनेही पाहिला. त्याने भांडण केलं नाही. फक्त रमझीच्या मुलाच्या बारशाला आला नाही, आणि नंतर रस्त्यात समोरून आला तर दुकानाच्या काचेकडे बघायला लागला. लुबनाने एकदाच विचारलं होतं, "त्याला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?" सौदा फिसकटला असता, असं रमझी म्हणाला. त्याला ते मनापासून खरंही वाटत होतं.

तिसऱ्या कंपनीपर्यंत तो नावाजलेला माणूस झाला होता. शहराच्या पश्चिमेला काचेच्या इमारतीत साठ तरुण पोरंपोरी, फोनवरून वाणसामान घरपोच. चार वर्षं ती चालली, म्हणजे गुंतवणूकदारांच्या जिवावर चालली. शेवटच्या महिन्यात पोरं येऊन विचारायची, काही कानावर येतंय, खरं का? रमझी प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचा, सगळं व्यवस्थित आहे. पुढच्या मंगळवारी त्याने त्याच साठ जणांना एका खोलीत उभं करून कंपनी बंद झाल्याचं सांगितलं. एका मुलाने गेल्याच आठवड्यात त्याच्या शब्दावर घर भाड्याने घेतलं होतं. रमझी खोटारडा नव्हता. निदान स्वतःला तसं समजत नव्हता. मालक जोवर कंपनी जिवंत असल्यासारखं बोलतो तोवर ती जिवंत असते, आणि त्याच्या तोंडून एकदा ती गेली की गेलीच, असा त्याचा विश्वास होता. आणि दुसऱ्या कंपनीच्या वेळी दोनदा हे खरंही ठरलं होतं.

चौथ्या कंपनीचं नाव त्याने 'निदा' ठेवलं. निदा म्हणजे हाक. अम्मानमध्ये घर टाकून मुलं आखातात, कॅनडात, जर्मनीत जातात आणि मागे आईवडील एकेकटे राहतात. त्यांच्या मनगटावर एक पट्टा, पट्ट्यावर एक बटण, आणि भिंतीवर एक पेटी. बटण दाबलं की पेटीतल्या सिमकार्डावरून निदाच्या खोलीत घंटा वाजायची. तिथे चोवीस तास तिघी मुली पाळीपाळीने बसत. त्या पेटीतूनच विचारायच्या, काय झालं? उत्तर आलं नाही तर शेजाऱ्याला फोन, मग रुग्णवाहिका. पेटी आणि पट्टा बनवणारी इंजिनियर रग्दा. चाळिशीची, कमी बोलणारी. रमझीच्या तिसऱ्या कंपनीत असून, शेवटच्या मंगळवारी त्या खोलीत उभी असूनही, ती चौथीत आली. कारण ही वस्तू तिला चांगली वाटली होती.

पहिली पेटी लागली ती विदाद खालतींच्या घरी. खालती म्हणजे मावशी. जबल लुवेब्देमधल्या जुन्या दगडी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलेली बाई, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलता मुलगा फारिस टोरोंटोला. रमझी महिन्यातून एकदा तरी तिच्याकडे जायचा. सुरुवातीला पेटी नीट चालते का बघायला, पुढे सवयीने. ती त्याला मसूर आणि तांदळाची मुजद्दरा वाढायची आणि त्याच्या बोलण्यातल्या चुका काढायची.

"किती घरांत लागली तुझी पेटी?"

"साडेतीनशे, खालती. जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे? एवढा मोठा साहेब झालास, तुला साधं मोजता येत नाही?"

"तीनशे एकेचाळीस."

"हं. मग तसं सांग ना. मला फसवून तुला काय मिळणार आहे?"

तिचा पट्टा घातलेला हात वर करून हसतानाचा फोटो रमझीने प्रत्येक गुंतवणूकदाराला दाखवला होता. लोक त्या फोटोपाशी थांबायचे.

तिसऱ्या वर्षाच्या थंडीत पैसा संपला. सिमकार्डांचं बिल चार महिने थकलं होतं. जानेवारीतल्या एका सोमवारी पुरवठादाराने कळवलं, गुरुवारी संध्याकाळपर्यंत भरणा झाला नाही तर सगळ्या लाईनी बंद. दुबईचा नवा गुंतवणूकदार रविवारी सही करायला येणार होता. मधले दिवस शुक्रवार आणि शनिवार, सुट्टीचे. रमझीने हिशोब केला. तीन दिवस.

रग्दा त्याच्यासमोर येऊन बसली. ग्राहकांच्या मुलांना एक संदेश पाठवू या, असं तिचं म्हणणं होतं. रविवारपर्यंत पेट्या बंद आहेत, आईवडिलांना रोज फोन करा, शेजाऱ्यांना सांगून ठेवा. एवढंच.

"तीनशे मुलं एकाच दिवशी फोन करतील," रमझी म्हणाला. "त्यातला एक तरी दुबईत असेल. शनिवारपर्यंत गोष्ट त्या माणसाच्या कानावर जाईल, आणि मग रविवारी सहीही नाही आणि लाईनीही नाहीत. कायमच्याच नाहीत. तुला ते हवंय?"

"नाही."

"मग? तीनच दिवसांचा प्रश्न आहे, रग्दा. तीन दिवसांत काय होणार आहे?"

ती उठून गेली. पुढे तिने हेच सगळ्यांत जास्त मनाला लावून घेतलं, की आपण तेव्हा उठून गेलो.

बुधवारी बर्फ पडायला लागलं. गुरुवारी रस्ते बंद झाले, सरकारी कचेऱ्या बंद झाल्या, पोरं प्लास्टिकच्या ताटल्या घेऊन उतारांवर घसरायला लागली. अम्मानला बर्फाची सवय नाही. दोन वीत बर्फ पडलं की सगळं शहर घरात बसतं. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता लाईनी बंद झाल्या. निदाच्या खोलीत घंटा वाजली नाही. शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. पाळीवरची मुलगी घरी जाताना म्हणाली, या वेळी सगळे आजीआजोबा शहाण्यासारखे गादीत बसलेत.

दुबईहून येणारं विमान रद्द झालं. सही मंगळवारवर गेली. रविवारी सकाळी अकरा वाजता रमझीचा फोन वाजला. विदाद खालतींच्या इमारतीचा राखणदार होता. इजिप्तचा, सय्यद नावाचा. रस्ता मोकळा झाल्यावर तो ब्रेड द्यायला वर गेला होता. दार उघडलं नाही म्हणून त्याने स्वतःकडच्या किल्लीने उघडलं. पेटीवर चिकटवलेला नंबर लागला नाही, म्हणून मग त्याने दाराशी ठेवलेल्या रमझीच्या कार्डावरचा नंबर लावला.

रमझी पोचला तेव्हा ती न्हाणीघराच्या दारात पडली होती, केव्हाच गेलेली. मांडीचं हाड मोडलं होतं. खोलीतली शेगडी बंद होती. ती गॅसची, रोज सकाळी ती स्वतः उठून पेटवायची. रमझीने तिच्या अंगावर पांघरूण घातलं, मग तसं करायचं नसतं की काय असं वाटून पुन्हा काढलं, मग पुन्हा घातलं. डॉक्टर येईपर्यंत तो तिथेच जमिनीवर बसून होता. जाताना त्याने भिंतीवरची पेटी काढून घेतली. का घेतली, ते त्याला त्या वेळी सांगता आलं नसतं.

सोमवारी पहाटे फारिस आला आणि दुपारी दफन झालं. संध्याकाळी पुरुषांच्या शोकबैठकीत रमझीही गेला. कडू कॉफीचा पेला फिरत होता. फारिस उठून त्याच्याकडे आला आणि त्याला मिठी मारली. तुम्ही होतात म्हणून मी तिकडे निर्धास्त होतो, असं तो म्हणाला. आई माझ्यापेक्षा तुमचंच नाव जास्त घ्यायची. रमझीने त्याची पाठ थोपटली. देव तिला क्षमा करो, एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

कचेरीत परतला तर रग्दा त्याच्या खुर्चीसमोर उभी होती. लाईन नसली तरी बटण दाबल्याची वेळ पेटीत नोंदली जाते. ती सोय तिनेच केली होती. रविवारी त्याने आणून ठेवलेल्या पेटीतून काढलेल्या नोंदींचा कागद तिने टेबलावर ठेवला. पहिली नोंद शुक्रवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांची. लगेच दुसरी, लगेच तिसरी. मग वीस मिनिटांनी. मग तासाने. शेवटची शनिवारी दुपारी चार वाजता. एकूण अकरा.

"उद्या सकाळी मी ग्राहकांची यादी घेऊन निघतेय," रग्दा म्हणाली. "घरोघरी जाऊन सांगणार आहे की बटण बंद आहे. तुम्हाला अडवायचं असेल तर आत्ताच नोकरीवरून काढा."

त्याने तिला काढलं नाही आणि अडवलंही नाही. जुना गुंतवणूकदार जौदत याला मात्र फोन केला. जौदत शांत माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं. बाई एकोणऐंशी वर्षांची, बर्फ, थंडी. नेमकं कशाने काय झालं ते कोण सांगणार? पेटी कंपनीची मालमत्ता, ती कंपनीकडे परत आलीय. त्या इंजिनियरबाईला उद्या बारापर्यंत थांबव, सही होऊ दे. सही झाली की लाईनी चालू, मग साडेतीनशे म्हातारी माणसं सुरक्षित. त्यांचाही विचार कर ना. रमझीला तो युक्तिवाद ओळखीचा वाटला. त्याचाच होता.

मंगळवारी सकाळी तो हॉटेलात गेला. दुबईचा माणूस सभ्य होता, पुदिन्याचा चहा घेत होता. जौदत शेजारी बसला होता. कागद टेबलावर मांडलेले होते. तेवढ्यात रग्दाचा फोन आला. नऊ घरं झाली, एवढंच तिने सांगितलं, आणि एका घरी आजी गेले चार दिवस ताप असताना बटण दाबत होत्या. आता त्यांना दवाखान्यात नेतेय. फोन ठेवल्यावर रमझीने पेन उचललं, त्याचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग त्याने दुबईच्या माणसाला सांगितलं, की आमच्या लाईनी गुरुवारपासून बंद आहेत आणि एक बाई गेली आहे. त्या माणसाने कागद गोळा केले, उरलेला चहा संपवला आणि सांभाळून राहा म्हणाला. जौदत रमझीकडे न बघता उठला.

तिथून तो सरळ लुवेब्देला गेला. बैठक सुरू व्हायला अवकाश होता, फारिस एकटाच खुर्च्या लावत होता. रमझीने कागद त्याच्या हातात दिला.

"हे काय आहे?"

"तुझ्या आईने बटण दाबलं, त्या वेळा."

फारिसने पुन्हा वाचलं. बोटाने मोजलं. "आणि तुमच्याकडे घंटा वाजली नाही?"

"लाईनी बंद होत्या. बिल भरलं नव्हतं."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"सोमवारपासून."

"काल?"

"नाही. त्याच्या आधीच्या सोमवारपासून."

फारिस खुर्चीवर बसला. मग बोलला, आवाज न चढवता. "शुक्रवारी मी तिला फोन केला होता. उचलला नाही. मी शेजारी अबू वदीला लावणार होतो, त्यांचा नंबर काढलाही होता. मग म्हटलं, तिला काही झालं असतं तर तुमच्या मुलींनी मला कळवलं असतं. म्हणून मी झोपलो." त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "पट्टा नसता ना, तर मी अबू वदीला फोन केला असता."

रमझी उभाच होता. आता जा, असं फारिसने सांगितलं, लोक यायची वेळ झालीय.

पुढचे नऊ दिवस तो आणि रग्दा घरोघर फिरले. उरलेली घरं दोघांनी वाटून घेतली. रमझी प्रत्येक दारात तेच सांगायचा: पट्टा चालत नाही, गेल्या गुरुवारपासून चालत नव्हता, आणि ते मला आधी माहीत होतं. काहींनी दार लावून घेतलं. एका बाईने आत बोलावून जेवायला वाढलं, कारण तिला ऐकू येत नव्हतं. लुवेब्देमधल्या एका निवृत्त बस ड्रायव्हरने पट्टा काढून द्यायला नकार दिला. चालत नाही ते समजलं मला, तो म्हणाला, पण पोरीने दुबईहून माझ्यासाठी घेतलाय, राहू दे हातात. रमझीने खूप समजावलं. शेवटी पट्ट्यावर मार्करने 'बंद' असं लिहून तो खाली उतरला, आणि जिन्यात बसून पहिल्यांदा रडला.

खटला उभा राहिला. रमझीच्या मामांनी आणि चुलत्यांनी ठरवलं की जाहा न्यायची. चाळीस वडीलधारी माणसं घेऊन फारिसच्या घरच्यांकडे समेट मागायला जायचं. रमझीचं मन नव्हतं. चुलता म्हणाला, तुझ्या मनाचा प्रश्न नाही, घराच्या अब्रूचा आहे. दोन्ही बाजूंची माणसं समोरासमोर बसली. कॉफी आली. सगळ्यांत वडील मामांनी पेला न पिता खाली ठेवला आणि मागणं मांडलं. फारिसच्या काकांनी देवाचं नाव घेतलं, मेलेलीचं नाव घेतलं, आणि म्हणाले, कॉफी प्या, आमच्याकडून माफ आहे. चाळीस पेले उचलले गेले. फारिस भिंतीशी बसला होता. तो उठला, मामांच्या हाताला हात लावला, वाट काढत दाराकडे गेला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो टोरोंटोला परतला.

त्या माफीमुळे शिक्षा कमी झाली. रमझी तीन महिने आत होता. बाहेर आला तेव्हा रग्दा जर्मनीला गेली होती, आणि निदाची खोली दुसऱ्या कुणाला दिलेली होती. लुबनाचं औषधाचं दुकान होतं, घर त्यावर चालायचं. रमझी सकाळी तिच्या दुकानात माल लावायचा, संध्याकाळी एका संस्थेत तरुणांना हिशोबाचे प्रोग्राम शिकवायचा. फारिसला त्याने दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

गेल्या वर्षी नव्या कंपन्या काढणाऱ्या पोरापोरींनी एक मेळावा भरवला आणि त्याला बोलावलं. विषय होता अपयश. त्याच्या आधीचे दोघे आपापल्या बुडालेल्या कंपन्यांबद्दल मजेत बोलले, लोक हसले, टाळ्या पडल्या. रमझीने इमादबद्दल सांगितलं, साठ जणांच्या खोलीबद्दल सांगितलं, मग सोमवार ते रविवार, वारानुसार. पहिल्या नोंदीची वेळ सांगितली आणि शेवटच्या नोंदीची. उतरल्यावर आयोजक मुलगा त्याच्याजवळ आला आणि अतिशय अदबीने म्हणाला, उस्ताझ, फार खरं बोललात; फक्त शेवटी थोडी उमेद दिली असतीत तर. बाहेर पडताना एका मुलीने विचारलं, मग पाचवी कधी? पाचवी नाही, तो म्हणाला. ती हसली. तिला तो विनय वाटला.

घरी जाताना बसमध्ये त्याच्या डोक्यात आलं, की पेटीला सिमकार्डच लागू नये. शेजारच्या घराच्या लाईनवरून ती आपोआप चालावी, एक बंद पडली तर दुसरी. कसं करता येईल तेही त्याला दिसायला लागलं. दोन थांब्यांत त्याने सगळं जुळवलं, अगदी नावासकट. मग त्याला घाम फुटला.

लुबना स्वयंपाकघरात मुलुखियाची पानं खुडत होती. त्याने तिला सगळं सांगितलं: कल्पना सांगितली, ती कशी आपसूक आली ते सांगितलं, आणि आपल्याला भीती वाटतेय हेही सांगितलं. ती ऐकत राहिली.

"चांगली आहे?" तिने विचारलं.

"चांगली आहे."

"लिहून ठेवू नकोस," ती म्हणाली, आणि पानांची दुसरी जुडी सोडली.

तो तिच्यासमोर बसला आणि पानं खुडायला लागला. त्या दिवशी तरी त्याने ती लिहून ठेवली नाही.